ऐकणे आणि नोंदवणे

मनुष्य स्वतःविषयी जे सांगतो आणि प्रत्यक्षात जसा वागतो, त्यांत पुष्कळदा अंतर असते. व्यक्तिमत्त्वाचा अभ्यास केवळ प्रश्नावलीवर सोपवला, तर हे अंतर दृष्टीआड राहते. म्हणून अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात माथियास मेल आणि जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस एक निराळा मार्ग अवलंबिला. अभ्यासात सहभागी होणारी व्यक्ती एक छोटा ध्वनिमुद्रक जवळ बाळगी. तो दर साडेबारा मिनिटांनी तीस सेकंद आपोआप सुरू होई. मात्र तो नेमका केव्हा सुरू आहे, हे तिला कळत नसे.

परंतु यंत्र केवळ आवाज टिपते. तो ऐकून शब्दशः उतरवण्याचे काम अशा प्रयोगशाळांत प्रायः पदवीच्या वर्गातील विद्यार्थी करतात. संशोधन म्हणजे नवनवे शोध, अशी कल्पना करून आलेल्या विद्यार्थ्याला आरंभी हे काम नीरस वाटते, आणि ते काही अंशी तसे असतेही. मागे वाहनांची घरघर, शेजारी दूरदर्शनचा आवाज. त्यांतून एकाच व्यक्तीचे शब्द वेगळे काढण्यासाठी तोच तुकडा तीन-चार वेळा ऐकावा लागतो.

खरी कसोटी त्यापुढे लागते. ती व्यक्ती एकटी होती का, हसली का, वाद घालत होती का, याची नोंद करायची असते. येथे ऐकणाऱ्याचा स्वभाव आड येतो. अबोल साहाय्यकाला साधे मोठ्याने बोलणेही भांडण वाटू शकते! यास्तव एकच मुद्रण दोघांनी परस्परांशी चर्चा न करता तपासावे आणि मग नोंदी ताडून पाहाव्यात, असा दंडक आहे. संशोधकाचा अंदाज काय आहे, हेही साहाय्यकांना शक्यतो सांगितले जात नाही. अन्यथा कान तेच ऐकू लागतात. सहभागी व्यक्तीला नको असलेला भाग आधीच पुसून टाकता येतो. तरीही उरलेल्या भागात तिचे खाजगी आयुष्य असते. ते प्रयोगशाळेबाहेर जाता कामा नये.

या नीरस श्रमाचे मोल २००७ साली दिसून आले. स्त्रिया दिवसाला वीस हजार शब्द बोलतात आणि पुरुष केवळ सात हजार, असे तत्पूर्वी वर्षभर आधी एका लोकप्रिय पुस्तकात छापले गेले होते. मेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका व मेक्सिको येथील ३९६ विद्यार्थ्यांची मुद्रणे मोजली. स्त्रियांची सरासरी १६,२१५ शब्द निघाली, पुरुषांची १५,६६९. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक नगण्य होता. माणसामाणसांतील तफावत मात्र प्रचंड होती. सर्वाधिक बोलणारा, दिवसाला सुमारे ४७ हजार शब्द उच्चारणारा, एक पुरुषच होता.

२०२५ साली प्रसिद्ध झालेल्या, २,१९७ व्यक्तींच्या मोठ्या अभ्यासात स्त्रियांची सरासरी काहीशी अधिक आढळली: १३,३४९ विरुद्ध ११,९५०. वीस हजार आणि सात हजार ही दरी मात्र तेथेही सापडली नाही.