शीळकरी कस्तूर
लांबी सुमारे २५ सेंटिमीटर. नर-मादी सारखेच, चोच आणि पाय काळे. सावलीत हा पक्षी नुसता काळा वाटतो. पण उन्हाची तिरीप पडू द्या, कपाळावरचा आणि खांद्यांवरचा निळा रंग असा झळाळतो की नजर हलत नाही.

पश्चिम घाट आणि सातपुड्यातले गर्द झाडीतले खडकाळ ओढे हे त्याचे घर. महाबळेश्वर, आंबोलीला जाल तर पहाटे जरूर उठा. कुणीतरी रमतगमत शीळ घालत चालल्यासारखे त्याचे गाणे पाण्याच्या खळखळाटातही स्पष्ट ऐकू येते. पावसाळ्यात तर विशेषच. ओल्या दगडांवरून तो किडे, गोगलगायी, छोटे खेकडे टिपतो. शेवाळ आणि मुळ्यांचे घरटे कड्याच्या कपारीत, कधी धबधब्यामागेही असते.