सरकीचे वीस दाणे

पैनगंगेच्या अलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यातील बेला मंडलात मराठी घरे पुष्कळ, आणि त्यांतील बहुतेकांचे वर्ष कापसावर उभे असते. रोहिणी सरता सरता आम्ही तेथे एका आप्तांकडे उतरलो, तेव्हा ओसरीवर कडाक्याचा वाद चालू होता. नव्या पाकिटातील सरकीचे वीस दाणे ओल्या गोणपाटात ठेवले होते. मोड आले तेरांना. म्हणजे ६५ टक्के. संकरित कपाशीच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७५ टक्के हवी, असा दंडक आहे. थोरले चिरंजीव दुकानदाराशी भांडावयास पायांत वहाणा सरकवून निघाले होते.

आम्ही म्हटले, "दादा, जरा थांबा." निर्दोष नाणेदेखील वीसदा उडविल्यास नेमका दहादाच छाप पडेल, असे नाही. अशा नमुन्यावरून खरे प्रमाण सांगावयाचे तर एक आकडा पुरत नाही, पट्टा सांगावा लागतो. संख्याशास्त्रात त्यास विश्वास-अंतराल म्हणतात. ही कल्पना नेमन यांनी १९३४ साली मांडली. आणि लंडनला त्यांच्यापाशी शिकलेले आपले सातारा जिल्ह्याचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी नमुना-पद्धत पुढे भारतातील पीक-अंदाजांच्या कामी लावली, हे वाचकांस कदाचित ठाऊक असेल.

विसांपैकी तेरा, यावरून निघणारा पट्टा सुमारे ४३ ते ८२ टक्के. त्यात ७५ बसतात, म्हणून दुकानदार दोषी ठरत नाही. पण ५० ही बसतात, तेव्हा तो सुटलाही नाही! बीजपरीक्षेत चारशे दाणे घेतात ते यासाठीच. तेथे २६० उगवले तर टक्के तेच ६५, परंतु पट्टा ६० ते ७० इतका आटतो आणि ७५ बाहेर पडतात. अर्थात शंभरांतून पाचेक वेळा हा पट्टाही खऱ्याला चुकवितो, आणि दाणे एकाच दमट पाकिटातले असतील तर कोणतेही गणित उपयोगाचे नाही.

घरी चारशे दाणे कोण खर्चील? तिन्ही पाकिटे मिसळून शंभर मोजले. वहिनींनी गोणपाट पुन्हा भिजविले. दहा दिवसांनी दादांचा फोन आला : एकाहत्तर. पट्टा ६१ ते ७९. दुकानापर्यंत ते गेले नाहीत. मात्र दर फुलीवर एकाऐवजी दोन दाणे टोबले.