आधी ग्रुप, मग क्लिक

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतील पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने जिंकलेले हे पहिलेच वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. स्वप्नील मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा, पण नेमबाजीचे सुरुवातीचे धडे त्याने गिरवले ते नाशिकमध्ये. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये स्थापन केलेले भोसला मिलिटरी स्कूल आणि देवळालीचे तोफखाना प्रशिक्षण केंद्र यांच्यामुळे बंदूक आणि नेम हे विषय या शहराला नवे नाहीत. त्या पदकानंतर आईवडिलांचे बोट धरून शूटिंग रेंजवर येणारी मुले वाढली, आणि त्यांच्याबरोबर एक ठरलेला प्रश्नही आला : ‘सर, मी बरोबर मध्यावर धरतोय, तरी छर्रा डावीकडे का जातो?’

उत्तर बहुतेक वेळा एकच असते. रायफल अजून झिरो केलेली नाही. झिरो करणे म्हणजे साइटमधून, म्हणजे नेम धरायच्या खुणांमधून, जिथे दिसते तिथेच छर्रा लागेल अशी जुळणी करणे. काम अवघड नाही, पण क्रमाने करावे लागते.

साइट कोणती, ते आधी ओळखा

शेतकऱ्याच्या घरात परवान्याची जुनी बारा बोअरची दुनळी असते, तिच्या नळीच्या टोकाला फक्त पितळेचा एक मणी दिसतो. मागे काहीच नसते. ही बंदूक एका वेळी अनेक छर्रे उडवते आणि ते पसरत जातात, त्यामुळे बारीक नेमाची गरज नसते. तिची नळी आतून गुळगुळीत असते. बारा बोअर म्हणजे नळीच्या तोंडाएवढ्या शिशाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यांचे वजन एक पौंड भरेल असे माप. मिलिमीटरमध्ये सुमारे साडेअठरा.

पंप-ॲक्शन बंदुकीत नळीखालची मूठ मागे-पुढे सरकवली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत येते. तिच्यावर बहुधा मणीच असतो. पण काही पंप-ॲक्शन बंदुकांवर पुढे उभी पट्टी आणि मागे खाच असलेली, वर-खाली आणि डावी-उजवी सरकणारी साइट दिसते. तसे असेल तर ती बंदूक स्लग, म्हणजे शिशाची एकच मोठी गोळी, मारण्यासाठी बनवली आहे असे समजावे. गोळी एकच असल्यामुळे तिचा नेमही रायफलसारखाच जुळवावा लागतो.

स्पर्धेच्या एअर रायफलवर आणि .२२ रायफलवर तिसराच प्रकार असतो. पुढे नळकांड्यात बसवलेली रिंग, मागे डोळ्याजवळ बारीक भोक असलेली चकती. या मागच्या साइटला डायॉप्टर म्हणतात. तिला दोन नॉब असतात, एक उंचीचा आणि एक आडवा. नॉब फिरवला की ‘टक्’ असा आवाज होऊन एक क्लिक पडते. डोळा, मागचे भोक, पुढची रिंग आणि लक्ष्याचा काळा गोल हे सगळे एका ओळीत आले की नेम धरला गेला.

साइट कुठलीही असो, जुळवणीचा नियम एकच : गोळी ज्या दिशेला न्यायची त्या दिशेला मागची साइट सरकवा. पुढची साइट हलवायची असेल तर उलट दिशेला.

दोन रेषांचा हिशेब

नजरेची रेषा सरळ असते, छर्र्याची वाट सरळ नसते. नळीतून सुटल्या क्षणापासून तो खाली पडू लागतो. स्पर्धेच्या एअर रायफलचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने जातो, म्हणजे दहा मीटर जायला त्याला सेकंदाचा सतरावा हिस्सा लागतो. तेवढ्यात तो दीड-पावणेदोन सेंटिमीटर खाली येतो. ५० मीटरवर .२२ ची गोळी सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. शिवाय साइट नळीच्या वर बसलेली असते. म्हणून नळीचे तोंड नजरेच्या रेषेपेक्षा अगदी किंचित वर रोखलेले ठेवावे लागते. दोन रेषा नेमक्या लक्ष्यावर मिळाव्यात, एवढ्यासाठीच नॉब असतात. दहा मीटरवर झिरो केलेली रायफल पन्नास मीटरला का चालत नाही, हेही यातून कळते.

रायफल कलती धरली तर काय होते, त्याचेही उत्तर इथेच आहे. उजवीकडे ५ अंश कलली, तर नळीचा वरचा रोखही उजवीकडे झुकतो आणि छर्रा दीड मिलिमीटर उजवीकडे जातो. दहा मीटरच्या लक्ष्यावर एका वर्तुळापासून दुसऱ्या वर्तुळापर्यंतचे अंतर अवघे अडीच मिलिमीटर असते. त्यामुळे कलती धरायची सवय असेल तर दर वेळी तेवढीच कलती धरा, नाहीतर सरळच धरा. कधी अशी कधी तशी धरलेली रायफल झिरो होत नाही.

नॉबला हात लावण्याआधी

रायफलची नळी कायम लक्ष्याच्या दिशेला, आणि गोळीबार चालू नसताना नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण. हे झाल्याशिवाय पुढचे काही नाही. नंतर साइटचे स्क्रू तपासा. साइट रेलवर हलत असेल तर दिवसभर क्लिक मोजूनही काही साधणार नाही. खांद्याला टेकणारी बटप्लेट आणि गाल टेकण्याचा चीकपीस घट्ट आहेत ना ते बघा.

मग पुढची रिंग. लक्ष्यावरच्या काळ्या गोलाचा व्यास ३०.५ मिलिमीटर असतो. दहा मीटरवरून पाहताना, डोळ्यापासून एक मीटरवर असलेल्या रिंगच्या पातळीला तो जेमतेम ३ मिलिमीटरचा दिसतो. रिंग ३ मिलिमीटरचीच घेतली तर काळा गोल आत घुसमटतो आणि नजर ताणली जाते. म्हणून ४ मिलिमीटरच्या आसपासची रिंग घ्यावी. काळ्या गोलाभोवती पांढरे कडे स्पष्ट दिसले पाहिजे. नवीन मुले बारीक रिंगेत नेम जास्त अचूक होईल असे समजतात. प्रत्यक्षात ती ताटकळत राहतात आणि ट्रिगर उशिरा दाबतात.

शेवटी शरीर. रायफल खांद्याला लावा, नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. रिंग काळ्या गोलावरच असेल तर उभे राहणे बरोबर. बाजूला गेली असेल तर हातांनी ओढून आणू नका, पाय सरकवा. हाताने ओढून आणलेला नेम ट्रिगर सुटताच मूळ जागी परततो, आणि दोष मात्र साइटला लागतो.

पाच छर्रे आणि एक आकडेमोड

आता एकाच नेमाने पाच छर्रे मारा. पहिला डावीकडे गेला म्हणून दुसऱ्याच्या आधी नॉब फिरवायचा नाही. देवळालीच्या मैदानावर तोफखान्याचा निरीक्षक एक गोळा पुढे पडला की पुढचा मागे आणायला सांगतो, कारण तिथे चूक मीटरांची असते आणि ती डोळ्यांना दिसते. इथे चूक मिलिमीटरची आहे, आणि एका छर्र्यावरून ती रायफलची की आपली हे सांगता येत नाही. पाच छर्र्यांचा पुंजका, म्हणजे ग्रुप, पाहिला की सांगता येते.

गोल, आटोपशीर ग्रुप पडला तर पोझिशन ठीक आहे, फक्त साइट सरकवायची आहे. उभा लांबट पडला तर श्वासाकडे बघा, नेम दर वेळी श्वासाच्या त्याच टप्प्यावर धरला जात नाही. आडवा पडला तर पाय किंवा रायफलचा कल बदलतोय. दोन वेगळे पुंजके दिसले तर गाल चीकपीसवर दोन ठिकाणी टेकतोय, नाहीतर काहीतरी सैल आहे. आटोपशीर ग्रुप पडेपर्यंत नॉबला हात लावायचा नाही. विखुरलेल्या ग्रुपचा मध्य काढून काहीच हाती लागत नाही.

समजा, ग्रुप छान पडला, पण त्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ४ मिलिमीटर डावीकडे आणि ६ मिलिमीटर खाली आहे. पुढची आणि मागची साइट यांत ८० सेंटिमीटर अंतर आहे आणि लक्ष्य दहा मीटरवर, म्हणजे साडेबारा पट लांब. मागची साइट ०.०२ मिलिमीटर सरकली तर लक्ष्यावर छर्रा ०.२५ मिलिमीटर सरकतो. एक क्लिक ०.०२ मिलिमीटरची असेल, तर ४ मिलिमीटरसाठी १६ क्लिक उजवीकडे आणि ६ मिलिमीटरसाठी २४ क्लिक वर. तुमच्या साइटची क्लिक किती हे माहितीपत्रकात असते. ते नसेल तर दहा क्लिक एका दिशेला फिरवा, पुन्हा पाच छर्रे मारा आणि दोन ग्रुपांच्या मध्यांतले अंतर दहाने भागा.

हे पाव मिलिमीटर फार बारीक वाटेल. पण दहा मीटर स्पर्धेत गुण दशांशात मोजतात, सर्वोत्तम फटका १०.९ चा, आणि ०.१ गुण म्हणजे बरोबर पाव मिलिमीटर. एक क्लिक, एक दशांश.

नॉबवरची अक्षरे वाचताना मात्र सावध. आपल्याकडच्या बऱ्याच रायफली फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, आन्शुट्झ अशा जर्मन बनावटीच्या आहेत. त्यांच्या नॉबवर एच, टी, आर, एल अशी अक्षरे असतात. एच म्हणजे फटका वर गेला, टी म्हणजे खाली गेला. आर म्हणजे उजवीकडे गेला, एल म्हणजे डावीकडे गेला. फटका वर जात असेल तर एचच्या दिशेला फिरवायचे, मग तो खाली येतो. इतर काही बनावटींत अक्षर ‘फटका तिकडे न्या’ या अर्थाने असते, म्हणजे बरोबर उलट. नवी साइट हाती आली की एकदा फिरवून खात्री करून घ्या.

क्लिक बदलल्यावर पुन्हा पाच छर्रे. मध्य जमला की झिरो झाले.

पंप-ॲक्शन बंदुकीवर स्लगसाठी हेच करायचे, पण परवानाधारकाने, अधिकृत रेंजवर आणि मजबूत टेकू लावून. सुरुवात २५ मीटरवरून मोठ्या कागदावर करावी, म्हणजे पहिली गोळी कुठे गेली ते शोधत बसावे लागत नाही. धक्का जोराचा असल्याने तीन गोळ्यांचा ग्रुप पुरतो. त्यापुढे खांदा आपोआप दचकू लागतो. परवान्याच्या बाबतीत एअर रायफलचे तसे नाही. .१७७ बोअर आणि २० जूल ऊर्जेच्या मर्यादेतल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही, .२२ ला लागतो.

तीन पोझिशन, तीन झिरो

स्वप्नीलच्या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तिन्ही प्रकारे नेम धरावा लागतो. रायफल तीच, साइट तीच. पण गुडघ्यावर बसल्यावर डोके जिथे टेकते तिथे ते पालथे पडल्यावर टेकत नाही, आणि खांद्यावरचा दाबही बदलतो. त्यामुळे प्रत्येक पोझिशनचा झिरो वेगळा येतो. तिथे लक्ष्याच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर आहे आणि अंतर ५० मीटर. तेवढ्यात वारा किंचित फिरला तरी गोळी वर्तुळाबाहेर जाते. त्यामुळे जाणकार नेमबाज प्रत्येक पोझिशनचे क्लिक वहीत लिहून ठेवतात आणि पोझिशन बदलताना नॉब मोजून फिरवतात. पॅरिसच्या अंतिम फेरीत स्वप्नीलने गुडघ्यावर बसून १५३.३ आणि पालथे पडून १५६.८ गुण मिळवले, उभ्याने पुढे जात ४५१.४ वर तिसरा क्रमांक घेतला. एकाच फेरीत तीन वेगळ्या झिरोंवर विश्वास ठेवल्याशिवाय असे आकडे येत नाहीत.

दहा मीटरच्या स्पर्धेतही मोजणीचे ६० फटके सुरू होण्याआधी तयारीसाठी आणि साइटरसाठी, म्हणजे मोजणीत न धरल्या जाणाऱ्या फटक्यांसाठी, पंधरा मिनिटे मिळतात. हा वेळ नेम सुधारण्यासाठी नसतो. तो त्या दिवशीचा उजेड, त्या रेंजचे लक्ष्य आणि आपले शरीर यांच्याशी आधीच लावलेला झिरो जुळतो का एवढे पाहण्यासाठी असतो. घरच्या रेंजवर न लावलेला झिरो तिथे पंधरा मिनिटांत लागत नाही.

म्हणून आजच एक छोटी वही करा. तारीख, रेंज, रिंगचे माप, छर्र्याचा डबा, पाच छर्र्यांचा ग्रुप आणि नॉबचे आकडे एका ओळीत लिहा. एका छर्र्यावरून साइट कधीही फिरवू नका, आणि फिरवलीच तर किती क्लिक फिरवली ते लिहिल्याशिवाय पुढचा छर्रा भरू नका.