करड्या सागराला रंग

काळ्या-पांढऱ्या सागरचित्राला रंग देण्याचे काम पूर्वी कुंचल्याने होत असे. आज ते संगणकावरही होते. छायाचित्राची प्रत संगणकात उतरवून तिच्यावर रंगांचे पारदर्शक थर चढविले जातात. छायाप्रकाश मूळ चित्राचाच राहतो. रंग तेवढा नवा असतो, आणि तो केव्हाही काढून टाकता येतो.

परंतु कोणता रंग द्यावयाचा, हे करडी छटा सांगत नाही. एकोणिसाव्या शतकातील कलोडियनच्या काचा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. त्यामुळे निळे आकाश पांढरेफटक उमटे, तर तांबडे शीड जवळजवळ काळे दिसे. यावर उपाय म्हणून फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास काही सागरचित्रांसाठी आकाशाची व समुद्राची निगेटिव्ह वेगवेगळी घेतली आणि छापताना ती क्षितिजरेषेवर जोडली. अशा चित्रातील ढगांना सायंकाळची लाली दिली, तरी लाटांवरील उजेड दुसऱ्याच आकाशाचा असतो. म्हणून जाणता रंगकार चित्र कसे घडले ते आधी पाहतो. आणि आपला रंग हा पुरावा नव्हे, अनुमान आहे, अशी नोंद रंगविलेल्या प्रतीवर करून मूळ प्रत जशीच्या तशी जपून ठेवतो.