भिलाईचे पत्र : रेजा मिस्त्री का होत नाही?

पॉवर हाऊस, भिलाई

पुण्याच्या मैत्रिणींचा फोन आला की एक प्रश्न ठरलेला असतो. 'तिकडे बायका असल्या कामात येतात तरी का?' असले काम म्हणजे विजेचे, यंत्रांचे, बॅटऱ्यांचे. प्रश्नामागचे चित्रही मला ठाऊक आहे. रशियन मदतीने उभा राहिलेला पोलादाचा कारखाना, भोवती भातशेती, पलीकडे जंगल आणि पदर डोक्यावर घेऊन घरात बसलेल्या बायका. मला याचा राग येतो, कारण शेवटचा भाग साफ चुकीचा आहे.

सकाळी लवकर पॉवर हाऊसच्या चौकात या. घमेली आणि जेवणाचे डबे घेऊन रेजा कामाची वाट बघत उभ्या असतात. बांधकामावर मजुरी करणाऱ्या बाईला इथे रेजा म्हणतात. 2011 च्या जनगणनेत छत्तीसगडमध्ये हजार पुरुषांमागे 991 स्त्रिया होत्या, आपल्या महाराष्ट्रात 929. बाईने कमवावे, बाजारात भाव करावा, सायकलवरून कामाला जावे, याचे इथे कुणाला नवल नाही. अडते ते पुढे. रेजा वीस वर्षे विटा वाहते आणि रेजाच राहते. तिच्याबरोबर कामाला लागलेला पोरगा मिस्त्री होतो, मग ठेकेदार होतो. ओळंबा कुणीतरी हातात द्यावा लागतो, आणि तिच्या हातात तो कुणी देत नाही.

विजेच्या नव्या कामातही हेच होऊ नये, म्हणून आता बॅटरीकडे येते. इथून नागपूरच्या वाटेवर राजनांदगाव जिल्ह्यात सेकीचा, म्हणजे भारतीय सौर ऊर्जा निगमाचा, 100 मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. त्याला 40 मेगावॉट क्षमतेचा, 120 मेगावॉट-तास वीज साठवणारा बॅटरीसंच जोडलेला आहे. 24 फेब्रुवारी 2024 ला त्याचे लोकार्पण झाले तेव्हा सौर विजेवर भरणारा तो देशातला सर्वांत मोठा बॅटरीसंच होता. दिवसा उन्हावर भरायचा आणि दिवेलागणीला मागणी चढली की तीन तास पूर्ण ताकदीने वीज सोडायची. हे सांगितले की पुण्याचा फोन थोडा वेळ गप्प होतो. तसे वीज साठवणे आपल्यालाही नवे नाही. घाटघरला 2008 पासून 250 मेगावॉटचे उदंचन केंद्र आहे. खालच्या जलाशयातले पाणी वर चढवायचे आणि गरज पडली की टर्बाइनवर सोडायचे. आपण मात्र घाटघरला पाऊस बघायला जातो.

पण बॅटरीचे एक वैशिष्ट्य बायकांच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. हे क्षेत्र इतके नवे आहे की 'वीस वर्षांचा अनुभव' आपल्या देशात कुणापाशीच नाही. औष्णिक केंद्रात ज्येष्ठतेची उतरंड बायका येण्याआधीच रचून झालेली होती. इथे ती आत्ता रचली जाते आहे. असा संच चालवायला माणसेही थोडी लागतात. म्हणून पहिल्या तुकडीत ज्यांची नावे लागतील तेच दहा वर्षांनी साइटचे प्रमुख होणार. आणि पहिल्या तुकडीत मुली असल्या तरी बसतात कुठे? कार्यालयात. रोजचा अहवाल, निविदांची कागदपत्रे, पाहुण्यांची व्यवस्था. संच पहिल्यांदा सुरू करताना बॅटऱ्यांच्या कंटेनरपाशी उभे राहणे, इन्व्हर्टरची चाचणी, एखाद्या रॅकचे तापमान मध्यरात्री का चढले याचा शोध, ज्या कामावर बढती मिळते ते सगळे मुलांकडे जाते. घरांवरच्या सौर यंत्रणांच्या क्षेत्रात भारतात बायकांचे प्रमाण सुमारे 11 टक्के असल्याचे 2019 च्या एका अभ्यासात दिसले. जगात अक्षय ऊर्जेत ते 32 टक्के आहे.

भिलाईच्याच कँप-2 वस्तीतली एक मुलगी मला भेटली. इलेक्ट्रिकलची पदविका, एका ठेकेदाराकडे सौर प्रकल्पावर नोकरी, आणि काम अहवाल टाइप करण्याचे. तिला वाट दाखवली ती शेजारच्या एका निवृत्त बाईंनी. त्यांनी उभी हयात विजेच्या खात्यात काढली होती. रविवारी दुपारी त्या तिला समोर बसवून सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे वीजजोडणीचा आराखडा, वाचायला शिकवायच्या. पुढच्या चाचणीच्या चमूत माझे नाव घ्या, असा अर्ज तोंडी न करता लेखी करायला त्यांनीच लावले. पहिल्या रातपाळीला पोरीच्या आईचा जीव खालीवर होत होता, तर या बाई स्वतःचा फोन उशाशी घेऊन जाग्या राहिल्या. 'संसो झन कर नोनी, मैं हँव न,' काळजी करू नकोस पोरी, मी आहे ना. याला मी मार्गदर्शन म्हणते.

आपल्याकडे काय चालते? पुण्यात मी मुलींसाठीच्या मार्गदर्शनाच्या एका कार्यक्रमाला गेले होते. हॉटेलचा हॉल, आत्मविश्वासावर भाषण, कुटुंब आणि नोकरी यांचा मेळ कसा घालावा यावर दुसरे भाषण, शेवटी प्रमाणपत्र. मुली हुशार होत्या, प्रश्न नेमके विचारत होत्या. 'साइटवर मला कोण नेणार?' या प्रश्नाला मात्र मंचावरून कुणी उत्तर दिले नाही. पुण्या-मुंबईत निदान विचारायला ज्येष्ठ अभियंत्या आहेत. इथे त्या बोटांवर मोजण्याइतक्या, म्हणून माझा जीव तुटतो.

आणि तरीही बाईने बाईला हाताला धरून वर आणण्याची रीत छत्तीसगडकडून शिकावी अशी आहे. मितानिन योजना इथे 2002 साली सुरू झाली. देशभर आशा कार्यकर्त्या आल्या त्या 2005 नंतर. पाड्याने आपल्यातली एक बाई निवडायची, तिला आरोग्याचे शिक्षण द्यायचे. आज अशा साठ हजारांवर मितानिन आहेत. मला आवडते ती त्यांची वरची रचना. वीसेक मितानिनींमागे एक प्रशिक्षक, आणि ती त्यांच्यातूनच पुढे आलेली. ती महिन्यामहिन्याला गावात येते, सोबत घरोघर फिरते, अडले तर तिथेच दाखवते. राजनांदगावच्याच फूलबासनबाई यादव यांनी अकरा बायकांचा गट धरून मूठमूठ तांदूळ आणि दोन-दोन रुपयांवर काम सुरू केले. पुढे जिल्हाभर बचतगट उभे राहिले, 2012 साली पद्मश्री मिळाली. ज्या जिल्ह्यात हे घडले त्याच जिल्ह्यात बॅटरीसंच आहे, आणि ऊर्जा खात्याला ही रचना उचलावीशी वाटू नये, हे मला समजत नाही.

घाई करावी असे वाटण्याला कारण आहे. भिलाईच्या कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणींत दगड फोडायला आणि ट्रक भरायला बायका मोठ्या संख्येने होत्या. 1977 साली तिथल्या कामगारांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात मेलेल्यांत अनसूयाबाई होती. कामगार नेते शंकर गुहा नियोगींच्या संघटनेने यंत्रे येताना माणसे फेकली जाऊ नयेत म्हणून वर्षानुवर्षे भांडण केले. तरी यंत्रे वाढली आणि बायकांचे हात आधी रिकामे झाले, कारण यंत्र चालवायला त्यांना कुणी शिकवलेच नव्हते. 1952 च्या खाण कायद्याने रात्रीचे कामही त्यांना बंद होते. आता नव्या कामगार संहितेने संमती आणि सुरक्षेच्या अटीवर रातपाळी खुली केली आहे. पण घरी सोडणारी गाडी, साइटवर स्वच्छतागृह आणि फोन उचलणारी एक ज्येष्ठ बाई नसेल तर संमती कोण देईल?

इंडिया एनर्जी स्टोरेज अलायन्स 2012 पासून पुण्यात काम करते आहे. बॅटरीवर काम केलेल्या मराठी बायका तुमच्या आसपास आहेत. इकडे यायचे तर गीतांजली एक्स्प्रेस शेजारच्या दुर्गला थांबते, नागपूरकरांना तर सकाळी निघून दुपारी पोचता येते. कँप-2 मधल्या त्या मुलीने माझ्याकडे प्रश्न लिहून दिले आहेत. सेलमधला असमतोल बिघाड होण्याआधी आकड्यांवरून कसा ओळखायचा? वॉरंटीच्या करारात डिस्चार्जची मर्यादा नेमकी कुठे बघायची? आणि नव्या नोकरीच्या मुलाखतीत पगार किती मागायचा? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिला इथे कुणीही द्यायला तयार नाही. ज्यांना देता येईल त्यांनी मला कळवावे, मी दोघींची गाठ घालून देते.