उन्हाळ्यात धरणाकाठी मुक्काम टाकताय? मग चूल घरीच पेटवा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागातलं बोलणं इथं लिहून देतोय.

एप्रिल लागला की आमच्या ग्रुपवर एकच मेसेज येतो, "चला बे, धरणावर मुक्काम टाकू." आम्ही चौघं अमरावतीचे, दोघं अकोल्याचे. अकोल्यात पारा ४४-४५ वर गेला की कूलरही गरम हवा फेकतो, त्यामुळे ते दोघं सगळ्यात आधी हो म्हणतात. रात्रीचं गार पाणी, वर तारे, मोबाईलला रेंज नाही. मलाही हे आवडतं. म्हणून "जाऊ नका" असं मी सांगणार नाही. फक्त दोन वर्षांपूर्वी काय झालं ते ऐका.

आमची चूक

एका छोट्या धरणाच्या काठी आम्ही गोवऱ्यांवर रोडगे भाजले, सोबत वांग्याची भाजी. जेवणं झाली आणि निखाऱ्यांवर माती लोटली. एक जण म्हणाला, "पाणी टाकू का?" दुसरा म्हणाला, "काऊन बे? माती टाकली ना, काही नाही होत." तो दुसरा मीच होतो.

पहाटे वारा सुटला. धुराच्या वासानं जाग आली, तर दहा-बारा पावलांवरचा सागाचा पाचोळा पेटलेला! धरण समोर होतं, पण पाणी आटून खूप खाली गेलेलं आणि आमच्याकडे बादलीच नाही. बाटल्या आणि ओल्या चादरी घेऊन धावलो. कशीबशी विझवली. परत येताना गाडीत कोणी बोललं नाही.

माती टाकूनही आग का राहिली?

माती ज्वाळा दाबते, पण आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. गोवरीचा किंवा लाकडाचा निखारा थोड्याशा हवेवरही तासन् तास धुमसतो. वाऱ्यानं वरची माती उडाली की तो पुन्हा फुलतो. निखारा खरंच विझवायचा तर पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा पाणी ओता. राखेजवळ हात नेल्यावर ऊब लागली, तर ती विझलेली नाही असं समजा.

आपलं जंगल एवढं लवकर का पेटतं?

मेळघाट असो की पोहरा-मालखेड, आपल्याकडे पानगळीचं जंगल आहे, आणि त्यात साग भरपूर. सागाचं मोठं पान वाळलं की पापडासारखं होतं. उन्हाळ्यात जमिनीवर त्याचा थर पडलेला असतो. म्हणून महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात. त्याआधी वनविभाग जाळरेषा काढतो, म्हणजे गवत-पाचोळ्याचा पट्टाच साफ करतो. पट्ट्यापाशी आलेल्या आगीला पुढं खायला काही उरत नाही. आपण मात्र त्या रेषेच्या आत बसून चूल मांडतो!

आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसामुळेच लागतात. कोणी मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतं, कोणी बिडी फेकतं. त्यात आपल्यासारख्या पार्ट्यांची भर.

ही आग बहुतेकदा जमिनीलगत पळते. मोठी झाडं वाचतात, म्हणून "काही नुकसान नाही" असं वाटतं. पण रोपटी, सरडे, जमिनीवरची घरटी जातात. टिटवी तर याच दिवसांत काठावरच्या उघड्या खड्यांत अंडी घालते.

मग मुक्काम कसा करायचा?

आधी जागा कोणाची ते बघा. महानच्या काटेपूर्णा धरणाला लागूनच अभयारण्य आहे. अकोल्याचं पिण्याचं पाणी याच धरणातून येतं. अभयारण्यात परवानगीशिवाय थांबता येत नाही, आणि त्याला धोका होईल अशी आग लावणं किंवा जळती सोडणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार गुन्हा आहे. राखीव जंगलासाठी भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम २६ लागू होतं.

आमचा नियम आता साधा आहे. रोडगे घरून भाजून न्यायचे, उजेडाला बॅटरी, शेकोटी नाही, सिगारेट नाही. बादली गाडीत कायम. कुठं जातोय त्याचं लोकेशन रेंज जायच्या आत घरी पाठवायचं.

वणवा दिसलाच तर हिरो बनू नका. आग चढावर जोरात पळते, म्हणून टेकडीवर चढू नका. वाऱ्याची दिशा बघून बाजूला व्हा, उघड्या जमिनीकडे किंवा पाण्याकडे या. वनविभागाचा हेल्पलाईन नंबर १९२६ आणि आपत्कालीन ११२ आत्ताच सेव्ह करा. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आगी टिपून एसएमएस पाठवतं, पण उपग्रह दिवसातून काही वेळाच डोक्यावरून जातो. त्या रात्री आमची आग कोणत्याच उपग्रहाच्या भरवशावर नव्हती.

यंदाही आम्ही जाणार आहोत. रोडगे माझ्या घरी भाजायचे ठरलेत. "पाणी टाकू का?" असं तुमच्यातला कोणी विचारलं, तर त्याला गप्प करू नका. बादली द्या.

भेटू पुढच्या भागात!