सात गोल, एक गोलकीपर आणि आपला सँपल साइज

२५ जुलै २०२१. टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारतीय पुरुष हॉकी संघाचा दुसराच सामना आणि ऑस्ट्रेलियाकडून ७-१ असा मार. गोलमध्ये पी. आर. श्रीजेश. "हा संपला आता, बसवा याला," असं म्हणणारे तुमच्याही ग्रुपवर असतीलच. पीएच.डी.ची तयारी करत असाल तर हे वाक्य जरा तपासून बघा. उद्या स्वतःच्या डेटाबद्दल तुम्हीही असंच बोलणार आहात!

समजा, एक गोलकीपर खरोखरच १०० पैकी ७५ फटके अडवतो. सुरुवातीच्या सामन्यांत त्याच्यावर २० फटके आले. सरासरीने तो १५ अडवेल. पण निव्वळ योगायोगाने हा आकडा १२ ते १८ मध्ये कुठेही येऊ शकतो, म्हणजे ६० टक्के ते ९० टक्के. गोलकीपर तोच, हात तेच. एका टोकाला शिव्या, दुसऱ्या टोकाला हार. फटके ४०० झाले की हीच रेंज साधारण ७१ ते ७९ टक्क्यांवर येते. मग बोला.

दुसरी गोष्ट, सगळे फटके सारखे नसतात. पेनल्टी कॉर्नरवरचा ड्रॅग-फ्लिक वेगळा आणि डीच्या कडेवरून आलेला हलका चेंडू वेगळा. बचावफळीच कोलमडली तर गोलकीपरच्या नावावर लागलेले गोल खरं तर कोणाचे? स्कोअरबोर्ड हे सांगत नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने आपल्याला असंच ७-१ ने हरवलं. सगळं खापर गोलकीपर मीर रंजन नेगी यांच्यावर फुटलं, लोक त्यांना गद्दार म्हणाले. एका सामन्यावरून! २००२ मध्ये मँचेस्टरला राष्ट्रकुल सुवर्ण जिंकणाऱ्या महिला संघाला गोलकीपिंग शिकवणारे हेच नेगी.

टोकियोत पुढे काय झालं ते माहीत आहेच. जर्मनीविरुद्ध ५-४, शेवटच्या काही सेकंदांतला पेनल्टी कॉर्नर श्रीजेशने अडवला, ४१ वर्षांनी पदक. पण थांबा, हे उदाहरण मी शेवट गोड झाला म्हणूनच निवडलंय. हाही बायसच. मुंबई इंडियन्स २०१५ मध्ये पहिले चार सामने हरून विजेते झाले, तर २०२२ मध्ये पहिले आठ हरून तळाला राहिले. म्हणजे "सुरुवात वाईट असली तरी सगळं ठीक होतं" हेही सिद्ध होत नाही. चार पराभवांवरून फारसं कळत नाही. आठ झाले की काळजी करायला जागा आहे.

मग किती निरीक्षणं पुरेशी? ते निकाल बघायच्या आधी ठरवायचं. सिनॉप्सिसच्या मेथडॉलॉजीत एक ओळ घाला: इतकी रीडिंग्ज झाल्याशिवाय निष्कर्ष काढणार नाही. आकडा गाईडबरोबर बसून काढा, आणि पहिली तीन रीडिंग्ज वाकडी आली म्हणून सेटअप बदलायला धावू नका. आधी कॅलिब्रेशन बघा.